कच्चं बिल

नाव सांगितलं, द्वारका बागूल.
वय एक्केचाळीस. राहणार परदेशीपुरा, बंद मिलच्या मागे.
मग मॅडमने विचारलं, काय करता?
मी म्हटलं, धंदा.
पेन थांबलं.
कापडाचा, मी म्हटलं. परकर, गाऊन, लेगिंग.
हा शब्द मेला आपल्या भाषेत असाच आहे,
पुरुषाने उच्चारला तर दुकान दिसतं.

माल क्लॉथ मार्केटच्या मागच्या गल्लीतला,
कच्च्या बिलावर.
खलघाटला नर्मदा, जुलवान्याला चहा,
सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट,
घाट उतरला की महाराष्ट्र.
शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबारचा बाजार.
येताना मिरची.
बसवाला दोन गठ्ठ्यांना नाही म्हणतो,
ट्रकवाला चारांना हो म्हणतो.
त्याचं हो कशासाठी असतं
ते पहिल्या खेपेला कळत नाही.

फॉर्मवर चौकोन होते.
‘जोखमीचा प्रसंग’ असाही एक.
मी म्हटलं, प्रसंग कुठला बाई,
प्रसंग म्हणजे बारसं, साखरपुडा.
ती नाक्यावरची मागची खोली होती.
माझ्याच गठ्ठ्यावर बसलेला माणूस म्हणाला,
माल जप्त होईल,
नाहीतर चहा पिऊन जा.
बासष्ट परकर, नगामागे अठरा रुपये सुटणार.
मी उभ्या उभ्या हिशेब केला.
हिशेब बरोबर आला. तेच वाईट.

कोथिंबिरीच्या जुडीवर मी भाव करते,
हमालाशी करते,
देवीच्या ओटीच्या नारळावर करते.
तिथे तोंडातून एवढंही निघालं नाही
की निदान ते तरी वापर.

बहात्तर तासांच्या आत आला असतात
तर गोळ्या होत्या, मॅडम म्हणाल्या.
त्या बहात्तर तासांत मी नंदुरबारला होते,
एका बांगडीवाल्याकडून मागची उधारी सोडवत.
कोणी सांगितलंच नव्हतं नं,
की ह्याचीही मुदत असते.

रेवा आमच्यात सहा वर्षं होती.
मग वाळत गेली. टायफॉइड म्हणाले घरचे.
गेल्यावर गादी गच्चीवर जाळली,
तिची माप घ्यायची टेपसुद्धा.
आम्ही तिला बघायला गेलो होतो, दारातूनच.
मीसुद्धा दारातूनच.
हे मॅडमला सांगितलं नाही.

बोटाला टोचलं. शिंप्याची लेक मी, सुईचं काय एवढं.
पण नंतरची वीस मिनिटं बाकावर
समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजल्या,
आडव्या चौदा, उभ्या नऊ, एक फुटकी.
पुन्हा मोजल्या.

आज काही दिसत नाहीये, म्हणाल्या,
पण तीन महिन्यांनी परत या.
तोवर नक्की नाही.
म्हणजे उधारीवर.
तोवर सांभाळा, म्हणाल्या.
तोवर दिवाळी आहे, मी म्हटलं.

सेंधव्याची हमीदा म्हणते,
पाकिटं मिरचीच्या पोत्यात ठेवावीत.
पोलीस, ड्रायव्हर, सासू,
मिरचीत कोणी हात घालत नाही.
जाताना पोतं रिकामं असलं
तरी तिखट राहतंच आत.

मॅडमने टेबलावर पाकिटांची एक पट्टी ठेवली.
मी बघितली. पदर खोचला.
एवढ्यात काय होतंय बाई,
आम्ही सहाजणी आहोत,
सीझन तोंडावर आला आहे.
आणि माणूस ऐकत नसला
तर काय म्हणायचं, ते वाक्यही द्या लिहून,
एक मराठीत, एक हिंदीत.

रजिस्टरमध्ये दाखवावं लागतं, त्या म्हणाल्या.
दाखवा नं, मी म्हटलं, पक्क्या बिलावर दाखवा,
आणि खुर्ची पुढे ओढली.